वंशावळ लिहिताना कोणत्या तारखा नोंदवाव्यात?

तुम्ही विचारलंय की वंशावळ लिहायला घेतली, पण एकाच माणसाच्या दोन-दोन तारखा सापडतात, तर कोणती धरावी. माझ्या मते दोन्ही लिहा, आणि प्रत्येकीपुढे ती कुठे मिळाली तेही लिहा.

आम्ही नवी मुंबईतल्या घणसोलीचे. बाबा आणि दोन्ही काका, तिघांच्याही शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. पोराची तारीख सांगता आली नाही की गुरुजी हीच टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि तोवर वय पूर्ण व्हायला हवं. अशी घरं महाराष्ट्रभर आहेत. म्हणून 1 जून दिसला की मी पुढे 'शाळेची तारीख' असं लिहितो आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारतो. आजी म्हणाली, "तुझा बापूस गौरी आल्या त्या दिवशी झाला, चीनची लढाई लागली त्याच वर्साला." लढाई 20 ऑक्टोबर 1962 ला पेटली, म्हणजे बाबा त्या वर्षीच्या भाद्रपदातले. दाखल्यावर 1961 आहे. मी आजीचं खरं मानतो, पण दाखल्याची तारीख खोडत नाही. बाबांचे पेन्शनपर्यंतचे सगळे कागद तिच्यावरच चालले.

मृत्यूची तारीख मात्र आधी शोधा. श्राद्धामुळे घरात तिथी जपलेली असते. ती तशीच उतरवा. शके माहीत असेल तर इसवी सन काढता येतो: पाडव्यापासून डिसेंबरअखेर 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79.

इथे मी एकदा फसलो. पणजोबांचा मृत्यू म्हणून फेरफारावरची, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीवरची, तारीख लिहून ठेवली, ती निघाली वारसनोंदीची. नवी मुंबई वसवायला सिडकोसाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा मोबदल्यासाठी सातबारावर वारस लावायची धावपळ झाली, आणि पणजोबा तर त्याच्या कितीतरी वर्षं आधी गेलेले. फेरफारावरून एवढंच कळतं की माणूस त्या दिवसाआधी गेला होता. खरी तारीख ठाण्याच्या तहसील कार्यालयात, जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत मिळाली.

लग्नाची पत्रिका नसेल तर ती जागा मोकळी सोडा, मुलांच्या वयावरून अंदाज बांधू नका.

आणि तुम्ही आमच्याच पट्ट्यातले असाल तर जमीन गेल्याची तारीखही लिहा. ती भूसंपादनाच्या निवाड्यावर मिळते. आमच्याकडे त्यानंतर भात लावलं गेलं नाही, म्हणून आजोबांच्या आणि त्यांच्या भावांच्या नावाखाली जन्म-मृत्यूच्या बरोबरीने मी ती लिहिली आहे.