रात्रीचं जेवण, तुमचे प्रश्न : "आमच्याकडे वरण असं नसतं"

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की खूप दमून घरी आलात की काय खावंसं वाटतं, तर इतके मेल आणि मेसेज आले की वाचतावाचता माझीच दोन वेळची जेवणं लांबली. जवळपास सगळ्यांनी "साधंच काहीतरी" असं लिहिलंय, पण वर्ध्याचं साधं वेगळं, कुडाळचं वेगळं, जळगावचं तर फारच वेगळं. बाबांची दर तीनचार वर्षांनी बदली व्हायची त्यामुळे चंद्रपूर, रत्नागिरी, जळगाव, लातूर असं सगळीकडे राहून झालंय, तिथल्या शेजारणींच्या स्वयंपाकघरात बसून जे खाल्लं, पाहिलं त्यावरूनच उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई, मी वर्ध्याची, लग्न होऊन पुण्यात आले, सासरचे मूळचे रत्नागिरीचे. मागच्या महिन्यात मला ताप होता तर सासूबाईंनी मऊ भात, मेतकूट, तूप असं अगदी प्रेमाने पुढे ठेवलं पण मला ते जाईचना. मला आईच्या हातचा गोळाभात आठवत होता. तसं बोलले तर "आजारपणात कुणी बेसन खातं का" म्हणाल्या. वरणाचंही तेच, मी फोडणी दिली की नवरा म्हणतो ही आमटी झाली. मी चुकतेय का?

अगं अजिबात चुकत नाहीयेस, आणि सासूबाईही चुकत नाहीयेत. घोळ शब्दाचा आहे. पुण्याकडे, कोकणात वरण म्हणजे तुरीची डाळ मऊ शिजवून घोटायची, हिंग, हळद, मीठ, गुळाचा बारीकसा खडा, बास. फोडणी पडली की ते वरण राहत नाही, फोडणीचं वरण होतं नाहीतर मसाला घालून आमटी होते. तुमच्याकडे लसूण, मिरची, जिऱ्याच्या फोडणीशिवाय वरणाला कुणी वरण म्हणत नाही. म्हणजे तू "वरण करते" म्हणतेस तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यासमोर एक वाटी येते आणि तुझ्या डोळ्यासमोर दुसरीच.

तांदळाचंही तसंच. पुण्यात आंबेमोहोर, इंद्रायणी, म्हणजे चिकट आणि मऊ, तो भात वरणतुपाशी लगेच कालवला जातो. तुमच्याकडे एचएमटी, कोलम, शीत न् शीत मोकळं. एचएमटी हे तर तुमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांचं काम, शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढून, पुन्हापुन्हा पेरून त्यांनी ते वाण तयार केलं आणि त्या काळी गाजत असलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. अशा मोकळ्या भाताला ओलावा लागतो आणि तो तुमच्याकडे फोडणीच्या तेलातून येतो, म्हणून तुला तूप घातलेला मऊ भात ओळखीचा वाटत नाही.

गोळाभात मी पहिल्यांदा चंद्रपूरला घरमालकीण काकूंकडे खाल्ला, तेव्हा सातवीत होते. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा त्या परातीत घ्यायच्या, तिखट, हळद, हिंग, मीठ, तेलाचं मोहन, पाण्याचा नुसता हबका, आणि मुठीत दाबून लिंबाएवढे गोळे. पातेल्यात भात अर्धा शिजून पाणी जरा वर दिसत असताना गोळे वर ठेवून झाकण, मंद आचेवर पंधराएक मिनिटं. ताटात गोळा बोटांनी फोडायचा, भातात मोकळा करायचा आणि त्यावर मोहरी, हिंग, लाल मिरचीचं कडकडीत तेल. मी कमी घेतलं की काकू म्हणायच्या, "कोरडा भात कायले खाते, घे नं तेल." सोबत ताकाची कढी. भरडा हवा बरं का, पुण्यात दुकानातलं बारीक बेसन घेतलंस तर गोळे घट्ट होतात, दाताला चिकटतात, आणि मग सासूबाईंना वाटणार हेच का ते. गिरणीवाल्याला सांगून डाळ रवाळ काढून आण.

आता आजारपणाचं खरं सांगते, अंगात ताप असताना गोळा जड जातो, तेवढं सासूबाईंचं ऐक. पण त्याच मऊ भातावर चमचाभर हिंग मोहरीची फोडणी मागून घे, घरची चव तिथेच येते. आणि त्यांना एक सांग की मेतकुटातही हरभऱ्याची डाळ असतेच, भाजून दळलेली, सोबत उडदाची डाळ, तांदूळ, गहू, सुंठ, हिंग. म्हणजे दोघींच्या आयांनी भातावर हरभराच वाढलाय. तू ठणठणीत असताना एखाद्या शनिवारी रात्री गोळाभात कर आणि पहिलं ताट त्यांना वाढ, आजारपणात पहिल्यांदा मागितलेला पदार्थ कुणालाही परका वाटणार, आधी खाल्लेला नाही वाटणार.

प्रश्न : मॅडम, वय ६४, मूळ मंगळवेढ्याचा, आता मुलाकडे कुडाळला असतो. थंडीत आई हुलग्याचं माडगं करायची. इथे शेजारी पिठी म्हणून एक पातळ प्रकार भातावर घेतात, वास अगदी तसाच येतो. हे एकच आहे का? आणि इथे हुलगे मिळतील का?

काका, तुमच्या नाकाने बरोबर ओळखलं. तुमचे हुलगे म्हणजेच इथले कुळीथ. दुकानात हुलगे मागितलेत तर दुकानदार बघत राहील, कुळीथ म्हणा, आणि कुडाळात तर कुळथाचं तयार पीठसुद्धा सहज मिळेल.

हे कडधान्य मला फार जवळचं आहे कारण ते कुणाचे लाड मागत नाही. तुमच्याकडे पावसाची बोंब, हलकी जमीन, तिथेही येतं. इथे कोकणात पावसाळा धो धो पण भात कापून झाला की जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर कुळीथ पेरतात. मग प्रत्येकाने आपल्या हवेप्रमाणे त्याचं जेवण केलं. तुमच्याकडे भाकरीचा मुलूख, त्यामुळे हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवलेलं माडगं नुसतंच वाटीने प्यायचं, कुणी गूळ घालून, कुणी लसूण जिरं घालून, बाळंतिणीला आणि सर्दी झालेल्याला हमखास. जुन्नर, आंबेगाव, नगरकडे त्याच पिठात लसूण, जिरं, तिखट घालून बोटाएवढे वळतात आणि उकळत्या रश्श्यात सोडतात, ते शेंगोळे. आणि कोकणात भात, म्हणून भातावर घ्यायला पातळ पिठी.

पिठी करून बघा, तुम्हाला जमेल. चारपाच लसूण पाकळ्या ठेचून तेलात लाल करायच्या, मिरची, थोडा कांदा, मग तीन वाट्या पाणी आणि दोनतीन आमसुलं. पाण्याला उकळी येईपर्यंत दुसऱ्या भांड्यात तीन चमचे पीठ गार पाण्यात कालवून ठेवायचं, गारच हं, गरम पाण्यात गुठळ्या झाल्या की त्या मोडत नाहीत. उकळत्या पाण्यात धार सोडत ढवळत राहायचं, सातआठ मिनिटांत कच्चा वास जातो आणि तो तुम्ही म्हणता तो खमंग वास घरभर होतो. निवली की घट्ट होते म्हणून पातळच उतरवा.

शेजाऱ्यांकडे पावसाळ्यात पिठी जास्त दिसेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजं म्हावरं नाही, मग पिठी भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा नाहीतर बोंबील. बोलावलं तर नक्की जा. आणि "कळण" शब्द कानावर पडला तर ते कुळीथ उकडलेलं पाणी, त्याचं सार करतात. खानदेशात कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं भाकरीचं पीठ, मी रत्नागिरीहून जळगावला गेले तेव्हा मला वाटलं ताटात सार येणार आणि आली काळपट खरपूस भाकरी आणि ठेचा. त्या दिवशी भाकऱ्या मी दोन खाल्ल्या.

प्रश्न : गोव्यातली पेज आणि मऊ भात एकच ना? मुंबईत कुकरला बासमतीची पेज केली, चव आली नाही.

एकच नाही. पेज उकड्या तांदळाची. भात सालासकट उकडून, वाळवून मग कांडतात, त्यामुळे दाणा जाड, तांबूस राहतो आणि कितीही शिजवला तरी अख्खा राहतो, त्याचा वासही वेगळा. बासमतीची खीर होते, पेज नाही. मालवणी किंवा गोवेकरी दुकानात उकडा तांदूळ मिळेल, रात्रभर भिजत घाल, सकाळी भरपूर पाण्यात पातेल्यातच शिजव, मीठ घाल, सोबत लोणचं, सुकी मासळी किंवा आदल्या दिवशीची आटवलेली आमटी. पेजेची खरी वेळ सकाळी दहा अकराची, शेतातनं आलं की. पण रात्री दमून आल्यावर घेतलीस तरी पोटाला तेवढीच बरी.

प्रश्न : ताई, मी लातूरचा, जर्मनीत नोकरीला. आईला व्हिडिओ कॉलवर ठेवून भाकरी करतो पण थापतानाच फाटते. इंडियन दुकानातलं ज्वारीचं पीठ आणतो. आई म्हणते जोर लावून मळ. अजून किती मळू?

दादा, मळण्यात तुझी कसूर नाहीये. तुझ्या पिठाची विरी गेलीये. तुझ्या आईकडे ज्वारी आठवड्याची दळून येते, त्याला चिकटपणा असतो. तुझ्याकडे येणारं पीठ कधी दळलं, किती महिने बोटीत, गोदामात पडलं, काही सांगता येत नाही. गव्हासारखा चिवटपणा ज्वारीत मुळात नसतोच, त्यामुळे जुनं पीठ नुसत्या मळण्याने जुळत नाही, त्याला उकड लागते.

वाटीभर पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळ, गॅस बंद कर, वाटीभर पीठ एकदम टाक, उलथन्याच्या टोकाने हलव, झाकून दहा मिनिटं ठेव. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळायला घे, गार झाल्यावर नाही. एकावेळी एका भाकरीचाच गोळा, ओल्या तळव्याने चांगला रगड, कडा फाटत असतील तर अजून दोन थेंब पाणी. खाली पीठ भुरभुरून थाप, आणि तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाहिजे, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरव. पाणी सुकत आलं की उलट, पूर्ण वाळू दिलंस तर तिथेच भेगा पडतात. ही बाजू नीट भाजू दे, मग परत उलटून विस्तवावर. तुझ्याकडे इलेक्ट्रिक शेगडी असेल तर तव्यावरच फडक्याने हलकं दाबत राहा, फुगते.

आणि रोज भाकरी नाही झाली तर चकोल्या कर ना. आईला विचार, कणकेचे शंकरपाळे कापून आंबट तिखट वरणात सोडलेले, विदर्भात त्यालाच वरणफळं म्हणतात. एका पातेल्यात जेवण होतं आणि जर्मनीच्या थंडीत रात्री आठला त्यासारखं काही नाही. काळा मसाला आईकडून मागव, नेहमीच्या गरम मसाल्याने ती चव येत नाही.

प्रश्न : मी जळगावचा, पुण्यात तिघं फ्लॅटवर राहतो. खिचडी केली की कोल्हापूरचा मित्र म्हणतो "कोण आजारी आहे?" आणि नांदेडचा म्हणतो खिचडीवर खट्टा पाहिजे. कच्चं तेल ओततो म्हणून दोघं नावं ठेवतात.

अरे, आजाऱ्याची खिचडी मुगाच्या डाळीची, पचायला हलकी म्हणून. तुमची तुरीच्या डाळीची, तिखट, लसणाची, खानदेशात कितीतरी घरांत रात्रीचं जेवण म्हणजे खिचडीच, लग्नघरी सुद्धा पंगतीला. कोल्हापूरकराच्या घरी असा तिखट भात झाला तर त्याला मसालेभात म्हणतात, त्यामुळे खिचडी शब्द ऐकला की त्याला पथ्य आठवतं. नांदेडचंही खरं आहे, मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, मसुराची खिचडी आणि चिंच, तीळ, शेंगदाण्याचा आंबट गार खट्टा ही तिकडची जोडी, आणि ती फार छान लागते, त्याला एकदा करायला लाव.

तेलाबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने आहे, पण तेल घाण्याचं शेंगदाण्याचं असू दे. रिफाइंड तेल कच्चं ओतलंस तर नुसतं तेलकट लागतं, वास नाही, चव नाही, मग ते नावं ठेवणारच. जळगावला आमच्या शेजारच्या मावशी खिचडीच्या गरम ढिगात बोटाने खळगा करून त्यात तेल सोडायच्या, बाजूला भाजलेला उडदाचा पापड चुरायच्या, वर कैरीच्या लोणच्याचा खार. कुकरला तीन शिट्ट्या काढून ही खिचडी होत नाही. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ, लसूण सढळ हाताने, पितळेचं नसेल तर जाड बुडाचं कुठलंही पातेलं, शेवटची दहा मिनिटं अगदी बारीक आच. बुडाला जी खरपुडी धरेल ती उलथन्याने सोडव आणि तिघांच्या ताटात सारखी वाट.