पंप गुणगुणतो, भिंत घुमते

प्रश्न : आमच्याकडे हॉलमध्ये चार फुटी फिश टँक आहे. खालच्या कपाटात सम्प, म्हणजे टँकचं पाणी उतरतं ती टाकी, आणि त्यात ते पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. आधी साधी नळी होती. ती मुडपायची, आतून शेवाळ धरायची, म्हणून दिवाळीत प्लंबरकडून पक्कं पाइपिंग करून घेतलं. पाइप भावाच्या द्राक्षबागेत उरलेला ३२ एमएमचा वापरला, एल्बो आणि सॉकेट दुकानातून एक इंची यूपीव्हीसीचे आणले. तेव्हापासून रात्री भिंतीतून घूंऽऽ असा आवाज येतो, पलीकडच्या खोलीत आईला झोप लागत नाही. शिवाय पंपाच्या वरचा पहिलाच जॉइंट पाझरतो. दोनदा पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून झालं. पंप बदलावा का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पंप बदलू नका, त्याची काही चूक नाही. तुमचे दोन्ही त्रास पाइपाचे आहेत, आणि पाझरण्याचं कारण तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय.

शेतीचा ३२ एमएमचा पाइप बाहेरून मोजला तर ३२ मिलिमीटरच भरतो. घरगुती प्लंबिंगचा एक इंची यूपीव्हीसी पाइप बाहेरून ३३.४ मिलिमीटर असतो. दुकानात दोन्हींना सर्रास ‘एक इंची’ म्हणतात, हाताला फरक कळतही नाही, पण सॉकेटमध्ये जवळपास दीड मिलिमीटरचा ढिलेपणा राहतो. सोल्युशन म्हणजे फट भरायची लांबी नव्हे. ते पाइप आणि सॉकेट दोन्हींचा पृष्ठभाग किंचित विरघळवतं आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात. जिथे पृष्ठभाग एकमेकांना टेकतच नाहीत, तिथे नुसती साय धरते आणि पंपाच्या थरथरीने ती तडकते. तिसऱ्यांदा लावलंत तरी हेच होणार. तो भाग कापून टाका.

नवा पाइप घेताना दुकानातच सुका बसवून बघा. जोडी बरोबर असेल तर पाइप सॉकेटमध्ये साधारण अर्ध्यापर्यंत जाऊन अडकतो. सुकाच तळापर्यंत गेला, तर ती जोडी घेऊ नका. गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसीही यात मिसळू नका, त्याचा एक इंच बाहेरून २८.६ मिलिमीटर असतो. जोडल्यावर २४ तास पाणी सोडू नका आणि नंतर आतून धुऊन घ्या.

भावाला एक विचारा : तो पाइप बागेत कशासाठी वापरला होता? बोर्डो मिश्रणाच्या, म्हणजे द्राक्षावर फवारायच्या औषधाच्या टाकीजवळचा असेल तर त्याचा एक तुकडाही टँकला ठेवू नका. बोर्डोत मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि कोळंबी-गोगलगायींना तांब्याचा अंशही सोसत नाही. याच कारणाने आतून पितळी आटे असलेले फिटिंगही टाळा. आपल्याकडे बाथरूमच्या नळासाठी प्लंबर हटकून तेच लावतात. तुम्ही सगळं प्लॅस्टिकचंच मागा.

आता आवाज. सातपूरच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. बेअरिंगचा आवाज ऐकायला आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाच्या हाडाला लावायचो. तुम्हीही आज रात्री करून बघा. आधी पंपाजवळ पाइपाला टोक लावा, मग वर भिंतीवरच्या क्लॅम्पजवळ. दोन्हीकडे तीच घरघर ऐकू आली, तर समजा की पंपाची थरथर पाइपातून सरळ भिंतीत जातेय. भिंत ती मोठी करते, तबल्याच्या पुडीसारखी. आमच्या मशीनच्या कूलंट पंपालाही लोखंडी पाइप थेट जोडत नसत, मध्ये रबरी होजचा तुकडा असायचा.

तुम्हालाही तेच करायचंय. पंपाच्या तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटरचा जाड सिलिकॉन होज, त्यापुढे होज निपल, म्हणजे होज ज्यावर चढवतात तो तुकडा, आणि मग यूपीव्हीसी. होज ताणून बसवू नका, थोडा सैल राहू दे, नाहीतर तोही काठीसारखाच वागतो. दोन्ही टोकांना क्लिप हवी. टँक खाऱ्या पाण्याचा असेल तर साधी स्टीलची क्लिप गंजते, प्लॅस्टिकची घ्या. होज निपलवर चढत नसेल तर टोक पाण्याने ओलं करून घ्या, जोर करू नका. पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवा, पंप सम्पच्या काचेला कुठेही टेकू देऊ नका. भिंतीवरच्या क्लॅम्पमध्ये जुन्या सायकल ट्यूबची पट्टी घाला. या सगळ्यात खरं काम तो होज करतो, बाकीचं त्याच्या मदतीला.

होजच्या वर एक युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, आणि युनियनच्या वर बॉल व्हॉल्व्ह लावा. हा क्रम उलटा करू नका. व्हॉल्व्ह वर असला म्हणजे पंप धुवायला काढताना वरच्या पाइपातलं पाणी अंगावर येत नाही. पंपाकडचं निपल आट्यांवर बसणारं असेल, तर आधी पंपाच्या तोंडाशी रबरी वॉशर आहे का ते बघा. वॉशर असेल तर टेफ्लॉन टेप नको, वॉशरच पाणी अडवतो. नसेल तर टेपचे चार-पाच वेढे द्या आणि हाताने आवळून वर फार तर अर्धा फेरा. प्लॅस्टिकच्या आट्यांवर पाना चालवणाऱ्या प्लंबरला प्रेमाने थांबवा.

प्रश्न : आमचाही टँक चार फूट बाय दीड फूट. लाइट गेली की सम्प भरून फरशीवर पाणी येतं. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शेवाळाचा एक धागा किंवा गोगलगायीचं पिल्लू अडकलं तरी तो नीट मिटत नाही. पंप थांबला की रिटर्नच्या तोंडातून टँकचं पाणी सायफनने उलटं खाली येतं आणि तोंड उघडं पडेपर्यंत येतच राहतं. तुमच्या टँकची लांबी-रुंदी १२० बाय ४५ सेंटिमीटर धरली, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. तोंड आठ सेंटिमीटर खोल असेल तर ४३ लिटर, दोनच सेंटिमीटर असेल तर जेमतेम ११. म्हणून तोंड वर घ्या, किंवा पाण्याच्या पातळीखाली लगेच पाइपाला सहा मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तिथून हवा शिरून सायफन तुटेल. ते भोक आठवड्याला ब्रशने साफ करा.

मग स्विच बंद करून सगळं पाणी खाली उतरू द्या. सम्पमधली पातळी काठाच्या चार बोटं खाली राहील इतकंच पाणी ठेवा, जास्तीचं काढा. पंप चालू करा, पातळी स्थिरावली की सम्पच्या काचेवर तिथे मार्करने रेघ मारा. यापुढे चालू पंपावर पाणी घालताना त्या रेघेच्या वर कधीही भरू नका.