एका कानाने ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्राचा उपयोग होतो का? ट्रायल घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की उजवा कान जवळजवळ गेलाय, डावा ठणठणीत आहे, आणि दुकानदार म्हणतो, "यंत्र लावा, सगळं ऐकू येईल." ट्रायल जरूर घ्या. फक्त ते यंत्र तुम्हाला कुठल्या कानाने ऐकवणार आहे, हे आधी विचारा. हा साधा प्रश्न सुचायला मला दीड महिना आणि दोन दुकानं लागली.

त्याआधी एक. कान कधी गेला हे तुम्ही लिहिलं नाही. गेल्या काही दिवसांत अचानक गेला असेल तर पुढचं वाचू नका, आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. अशा बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो जितका लवकर होईल तितकी आशा जास्त. पहिले दोन आठवडे फार मोलाचे. माझे एकोणीस दिवस वाया गेले.

आठ वर्षं झाली. सकाळी फोन डाव्या कानाला लावला तर पलीकडे कोणी बोलेचना. फोन बिघडला म्हणून मी नवऱ्यावर चिडले. सहज उजव्या कानाला लावला तर बहीण केव्हाची हॅलो हॅलो करत होती. सासूबाईंनी लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडलं, गल्लीतल्या डॉक्टरांनी मळ सुटायचे थेंब दिले, "सर्दीने दडे बसलेत, सुटतील" म्हणाले. सुटले नाहीत. शेवटी ज्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या कपाळावर ठेवला. "कुठे ऐकू येतंय?" म्हटलं, उजवीकडे. डॉक्टर एकदम गप्प झाले.

का, ते तुम्ही आत्ता घरी करून बघू शकता. चांगल्या कानात बोट घाला आणि तोंड मिटून "हूंऽऽ" करा. आवाज बंद केलेल्या कानात घुमतो. मळाने किंवा पडद्याच्या बिघाडाने कान बंद असेल तर फोर्कचाही आवाज त्याच बाजूला जातो. माझा उलट चांगल्या कानात गेला, म्हणजे बिघाड आतल्या कानात किंवा नसेत. मग एमआरआय झालं, कारण एकाच कानाची नस गेली तर तिच्यावर गाठ तर नाही ना हे बघावं लागतं. गाठ नव्हती. गोळ्या झाल्या, पडद्यातून इंजेक्शनं झाली, कान काही आला नाही.

रिपोर्टवर उजवा १५ डेसिबल, डावा ८८ (आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी). पण जो आकडा खरा महत्त्वाचा होता त्याकडे मी बघितलंही नाही. हेडफोनमधून पंचवीस शब्द ऐकवतात आणि तसेच म्हणायला लावतात. (इंदूरला यादी हिंदीच होती, आम्हा इथल्या मराठी लोकांना त्याचं काही वाटत नाही.) आवाज पुरेसा मोठा करूनही डाव्या कानाने मी पंचवीसपैकी तीन बरोबर सांगितले. म्हणजे त्या कानाला अडचण नुसती आवाजाची नव्हती. आवाज पोचला तरी त्याचा शब्द होत नव्हता.

आता पहिलं दुकान. तिथल्या माणसाने डाव्या कानाला दणकट यंत्र लावलं, समोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, अब सुनाई दे रहा है ना?" मी म्हटलं, हो! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. ॲडव्हान्स देऊन घरी आले. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात भांडी लावताना जाणवलं, डावीकडून नुसती आदळआपट येतेय, पत्र्याच्या डब्यात कोणी खडे हलवावेत तशी. उजव्या कानात बोट घातलं आणि मुलाला म्हटलं, काहीतरी बोल. तो बोलत होता, मला ठक ठक ऐकू येत होतं, शब्द एकही नाही. दुकानात मी ऐकलं होतं ते उजव्या कानाने! शांत खोली, समोरासमोर माणूस, चांगला कान उघडा. तिथे यंत्राच्या जागी शेंगदाणा लावला असता तरी मी "हो" म्हटलं असतं. शिवाय फार मोठा आवाज कवटीतून पलीकडच्या कानात पोचतोच. म्हणून तर चाचणी घेताना चांगल्या कानात खरखर सोडून तो गुंतवून ठेवतात, त्याला मास्किंग म्हणतात. ते केलं नसेल तर मेलेला कान रिपोर्टवर बराच जिवंत दिसतो. तुमच्या रिपोर्टवर ते केलेलं आहे का, विचारून घ्या.

यंत्र परत दिलं. ॲडव्हान्समधले थोडे पैसे बुडाले, कारण परतीची अट लेखी घेतली नव्हती.

सगळ्यांचं असंच होतं असं मात्र नाही. माझ्या जावेचा एका कानाचा पडदा लहानपणापासून फुटका. तिला त्या कानाने ऐकू कमी येतं, पण मोठ्याने बोललं की शब्द स्वच्छ कळतात. तिला त्याच कानातलं साधं यंत्र इतकं मानवलं की आता मागून कोणी हाक मारली तर ती बरोबर त्या बाजूला वळते. तेव्हा तुमचा शब्दांचा आकडा चांगला असेल तर आधी साध्या यंत्राचीच ट्रायल घ्या, माझी पुढची कथा तुमच्या कामाची नाही.

दुसऱ्या ठिकाणी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला त्रास नेमका कुठे होतो?" मी आठवी-नववीला गणित शिकवते. वर्गात डावीकडच्या बाकांवरून आलेलं उत्तर मला "आठ" ऐकू यायचं आणि पोरगी म्हणालेली असायची "साठ". बाई म्हणाल्या, बरोबर आहे. जाडे आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानात पोचतात, पण स, श, त असे बारीक आवाज डोक्याच्या आडोशाला अडकतात, पंधरा-वीस डेसिबलपर्यंत कमी होतात. साठमधला स माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूलाच राहत होता. पोरांनी अर्थात आठ दिवसांत ओळखलं होतं की मॅमचा डावा कान गेलाय, आणि सगळी गप्पिष्ट मंडळी डाव्या रांगेत जाऊन बसली होती.

त्यांनी जे दिलं त्याला क्रॉस म्हणतात. बहिऱ्या कानावर नुसता माइक, तो तिकडचा आवाज बिनतारी पाठवतो चांगल्या कानातल्या छोट्या यंत्राला. कल्पना जुनी आहे, हार्फर्ड आणि बॅरी या दोघांनी १९६५ साली अमेरिकेत मांडली. तेव्हा वायर चष्म्याच्या दांड्यांतून नेत असत. चांगल्या कानात भोकं असलेला मऊ रबरी डोम बसतो, त्यामुळे त्या कानाचं स्वतःचं ऐकणं बंद होत नाही. हा डोम घट्ट बसला तर आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो, लगेच बदलून मागा.

या वेळी दोन आठवडे घरी न्यायला मागितलं, परतीची अट लिहून घेतली, आणि रोज रात्री वहीत दोन ओळी लिहिल्या. वर्गात पहिल्याच दिवशी डावीकडून अगदी हळू आवाजात ऐकू आलं, "मॅम ने फिर आठ सुना।" खोटं नाही सांगत, इतका आनंद कुठल्या पगाराचा झाला नव्हता. पण कोण बोललं ते कळेना! आवाज डावीकडचा असो की उजवीकडचा, ऐकतो एकच कान. दिशा मेंदूला कळते ती दोन कानांत आवाज पोचण्यातल्या फरकावरून, आणि तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. एका कानात फरक कशाचा काढणार? कुकरची शिट्टी आमच्याकडे झाली की शेजारी, हे मी अजूनही गॅसजवळ जाऊन बघते. रस्ता ओलांडताना तर यंत्रावर अजिबात विसंबू नका, दोन्हीकडे मान फिरवा.

आठव्या दिवशी मुद्दाम रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो. नवरा उजवीकडे भुट्ट्याचा कीस खात काहीतरी सांगत होता आणि माझ्या डाव्या माइकला सापडला होता गराडू हा कंद तळणारा. कढईचा चर्र, झाऱ्याची टणटण, "भिया, दो प्लेट" हे सगळं उचलून तो माझ्या एकुलत्या एक चांगल्या कानात ओतत होता. नवऱ्याचं बोलणं त्यात बुडालं. यंत्राशिवाय ते मला स्वच्छ ऐकू आलं असतं. डावा माइक काढून पर्समध्ये टाकला. तेव्हा समजलं की हे यंत्र बोलणारा माणूस बहिऱ्या बाजूला असेल तेव्हाचं आहे. गोंगाट बहिऱ्या बाजूला आणि माणूस चांगल्या बाजूला असेल तर उलट नुकसान. हे शांत केबिनमध्ये बसून कधीच कळलं नसतं. म्हणून सांगते, तुमच्या रोजच्या सगळ्यात वाईट जागी ते लावून बघा. बाजार, लग्नाचा हॉल, ऑफिसची मीटिंग, जे असेल ते.

मधे दोन दिवस हाडातून ऐकवणारं यंत्रही लावून पाहिलं. कपाळपट्टीने ते कानामागच्या हाडावर दाबून बसवतात, कंप कवटीतून चांगल्या आतल्या कानात जातो. आवाज बरा वाटला, पण तासाभरात डोकं ठणकायचं. कायमचं हवं तर हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. मला नको होतं.

खुद्द मेलेल्या बाजूने मेंदूला काही पोचवणारा उपाय एकच, कॉक्लिअर इम्प्लांट. नस शाबूत हवी, शस्त्रक्रिया लागते, खर्च काही लाखांत. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१९ साली मान्यता दिली. तुमचं वय कमी असेल आणि कान नुकता गेला असेल तर डॉक्टरांशी निदान बोला तरी. मी बोलले, आणि घाबरून परत आले.

क्रॉस शेवटी घेतलं. दोन्ही तुकडे मिळून लाखाच्या वर गेले. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, बिलात लावलेला दिसला तर विचारा. दिव्यांग प्रमाणपत्रावर सवलत मिळेल या आशेवर राहू नका, २०१६च्या कायद्यातली व्याख्या दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल बहिरेपणाची आहे. माझ्या यंत्रात ३१२ नंबरचे, तपकिरी स्टिकरचे सेल लागतात, जेमतेम आठवडाभर जातात. स्टिकर काढला की हवेवर सेल सुरू होतो, म्हणून काढून दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग बसवा. नवीन घेणार असाल तर चार्जिंगचं बघा. स्कूटरवर माइकमध्ये वारा इतका घोंगावतो की मी ते डिक्कीत ठेवते. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जाताना तर घरच्या डबीतच.

वर्गात आणि स्टाफरूममध्ये रोज लावते, घरी काढून ठेवते. घरच्यांना बाजू पाठ आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला आम्ही सभागृहात अगदी डावीकडच्या खुर्च्या धरतो, म्हणजे माझा चांगला कान रंगमंचाकडे. कानातली गुणगुण मात्र यंत्राने तसूभरही कमी झाली नाही, ती आशा ठेवून पैसे घालू नका.

आणि एक फुकटची गोष्ट, जी मला दोन वर्षांनी कळली. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत "मोनो ऑडिओ" असतं, ते चालू करा. इअरफोनच्या दोन बाजूंना वाटलेला आवाज मग प्रत्येक बाजूला पूर्ण येतो. तोवर मी कित्येक गाण्यांतली अर्धी वाद्यं ऐकलीच नव्हती.

तुमच्या रिपोर्टमधला उजव्या कानाचा डेसिबलचा आकडा आणि पंचवीसपैकी किती शब्द ओळखले ते खाली लिहा. दुकानदाराने लावलेलं यंत्र उजव्या कानातलंच साधं यंत्र आहे का, तेही सांगा.