लसूणघास पिवळी पडतेय, युरिया देऊ का?

दहिसरला राहून वाडा तालुक्यातल्या अर्ध्या एकरात चार गाईंसाठी लसूणघास केलीय, तिसऱ्या कापणीला शेंडे पिवळे पडले आणि दुकानदार युरिया टाका म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. तूर्तास युरियाचं पोतं फोडू नका.

आधी एक काडी उपटून हातात घ्या. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, गंधक कमी पडलं की शेंड्याची कोवळी. पान सगळंच फिकट असेल तर गंधकाकडे बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता, तिथे जिप्समचा, म्हणजे गंधक देणाऱ्या खताचा, उपयोग नाही. मग मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र घेतेय. हे काम तिला गंधकाशिवाय जमत नाही, म्हणून गंधकाची उपासमार नत्राच्या उपासमारीसारखी दिसते आणि माणूस फसतो. वरून युरिया दिलात तर गाठी आणखी आळशी होतात.

पेरताना डीएपी (नत्र आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत) टाकलं होतंत, खरी गोम तिथे आहे. हेक्टरी 80 किलो स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं तर 500 किलो सुपर लागतं आणि त्याबरोबर 55 किलो गंधक आपोआप जातं. तेच स्फुरद डीएपीतून दिलं तर गंधक शून्य. अर्ध्या एकराचा हिशोब म्हणजे सुपरची दोन पोती, साधारण 11 किलो गंधक. पावसाळ्यापर्यंतच्या पाच कापण्यांत दहा टन हिरवी वैरण निघाली तर सुकी दोन टन भरेल, आणि टनामागे अडीच-तीन किलो गंधक ती घेऊन जाते. आपल्याकडच्या पावसात सल्फेट, म्हणजे मुळांना घेता येणारं गंधक, धुऊन जातं, त्यामुळे गेल्या वर्षीचं शिल्लक असेल या भरवशावर राहू नका.

आता उभ्या पिकात जिप्समच द्या. त्यातलं गंधक सल्फेटच्या रूपात असतं, मुळांना लगेच मिळतं. नव्वद टक्क्यांचं बेंटोनाइट (चिकणमातीत मिसळलेलं) गंधक स्वस्त वाटतं, पण जमिनीतले जिवाणू त्याचं सल्फेट करेपर्यंत तुमच्या दोन कापण्या होऊन जातील, शिवाय ते जमीन आम्लही करतं. कोकणची तांबडी माती मुळात आम्ल, आणि लसूणघासाला ती सोसत नाही. मला एकाने भुरी रोगावर फवारायचं ऐंशी टक्क्यांचं गंधक खत म्हणून विकलं होतं. पैसे गेले, घास पिवळीच राहिली.

सगळ्या रानावर एकदम टाकू नका. कापणी झाली की दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यावर साडेतीनशे ग्रॅम जिप्सम फेका, पाणी द्या, बांधावर काठी रोवून खूण करा. पुढच्या कापणीला, म्हणजे पंचवीस-तीस दिवसांत, तो तुकडा गडद दिसला तर उरलेल्या अर्ध्या एकराला दीड पोतं. नाही दिसला तर माती तपासणीत उपलब्ध गंधक, सामू (माती किती आम्ल आहे ते) आणि मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य विचारा. गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भागांच्या) खाली आलं तर कमीच समजा.

गाईंना मात्र "वैरणीत गंधक कमी" म्हणून वरून गंधक चारू नका. आहारात ते जास्त झालं की तांबं कमी पडतं, आणि फारच झालं तर मेंदूवर परिणाम होतो.