तळं गोठतं, तरी पाण्यातलं तण दरवर्षी परत कसं येतं?

तुम्ही विचारलंय की अपस्टेट न्यूयॉर्कला तुमच्या घरामागचं तळं दोन-तीन महिने बर्फाखाली असतं, वरचं सगळं हिरवं सडून जातं, मग तेच तण दरवर्षी येतं कुठून? मी पण ह्याच भागात राहते आणि उन्हाळ्यात कयाक घेऊन तण उपटायला जाणाऱ्या व्हॉलंटियर लोकांबरोबर जाते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मुळात तळं पूर्ण गोठत नाही. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तो वर तरंगतो, आणि पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून खाली साधारण 4 अंशाचं पाणी राहतं. फार उथळ जागा सोडली तर तळाचा चिखल गोठतच नाही. म्हणजे बाहेर उणे 20 असलं तरी झाडाला फक्त आपला एखादा जिवंत तुकडा थंडीआधी त्या चिखलात पोचवायचा असतो, बाकीचं मेलं तरी चालतं.

आता हायड्रिला बघा. शाळेत नरसाळं उलटं ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवायचे ना, त्यातली ती वनस्पती, आपल्याकडची स्थानिकच. 1950 च्या दशकात ॲक्वेरियमच्या धंद्यातून फ्लोरिडात आली आणि 2011 ला इथे इथाकाच्या कायुगा इनलेटमध्ये सापडली. ती दिवस लहान व्हायला लागले की चिखलात छोटे छोटे कंद धरते, शिवाय पानांच्या बगलेत घट्ट हिरव्या कळ्या येतात, त्यांना ट्युरियन म्हणतात, त्या गळून तळाशी बसतात. कंद काही वर्षं चिखलात तसेच पडून राहू शकतात आणि सगळे एकदम उगवत नाहीत, म्हणून एक सीझन औषध मारून हायड्रिला संपत नाही, त्या इनलेटमध्ये पण वर्षानुवर्षं उपचार करावे लागले.

फ्रॉगबिट तरंगणारी आहे, तिची पण हीच ट्युरियनची युक्ती. 1932 ला कॅनडात ओटावाच्या सरकारी प्रायोगिक शेतावर मुद्दाम आणली होती, काही वर्षांतच तिथून निसटली. एका झाडाला शंभरच्या वर ट्युरियन येऊ शकतात, शरदात ते बुडतात आणि पाणी तापलं की परत वर येतात.

आणि आमच्या ग्रुपचा मुख्य शत्रू म्हणजे शिंगाडा! भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढीवर लोक पिकवतात आणि आपण उपासाला खातो, त्याचंच चार काट्यांचं भावंड. 1884 ला न्यूयॉर्क राज्यातल्याच स्कोशिया गावाजवळच्या एका तळ्यात हौसेने लावलं, तिथून मोहॉक आणि हडसन नद्यांत गेलं. हे झाड एका वर्षाचंच, पहिल्या कडाक्याच्या थंडीत सगळं मरतं, पण फळं आधीच गळून चिखलात रुतलेली असतात आणि त्यातलं बी 12 वर्षांपर्यंत टिकू शकतं. त्या बीला उगवायला आधी थंडी लागतेच, म्हणजे जो हिवाळा आपल्याला ह्याचा शेवट वाटतो तो त्याच्या आयुष्यातला नेहमीचा टप्पा आहे. म्हणून आम्ही फळं गळायच्या आत, जून-जुलैमध्येच उपटतो आणि काठापासून लांब नेऊन टाकतो, सप्टेंबरमध्ये उपटलं तर पाणी स्वच्छ दिसतं पण पुढच्या वर्षीचं पीक ऑलरेडी खाली पेरलेलं असतं.

पुण्यातल्या नद्यांत दिसणारी जलपर्णी मात्र ह्या थंडीला टिकत नाही, तिचा वाढणारा कोंब पाण्याच्या पातळीलाच असतो, तो गोठला की झाड गेलं. इथे ती पुन्हा दिसते ती बहुतेक वेळा लोकांनी बागेतल्या हौदातून परत आणून टाकलेली असते, प्लीज असं करू नका.

तुमच्या तळ्यात नेमकं काय आहे ते ओळखायला बर्फ वितळल्या वितळल्या बघा. एप्रिलमध्येच नागमोडी कडांची पानं दिसली तर कर्ली लीफ पाँडवीड असणार, त्याचं कॅलेंडर एकदम उलटं आहे, ट्युरियन उन्हाळ्याच्या सुरुवातीला धरतं, ते शरदात उगवतात, बर्फाखालच्या मंद उजेडात रोपं तग धरतात आणि जुलैपर्यंत झाड मरून पण जातं. म्हणजे ते काढायचं तर मे महिन्यातच. पिसासारखी पानं असली तर मिलफॉइल असू शकतं, त्याची मुळं आणि बुडखे हिवाळाभर जिवंत राहतात, आणि ते ओढताना तुटलं तर तुटलेल्या तुकड्यांची नवी झाडं होऊ शकतात, त्यामुळे जाळीने सगळे तुकडे गोळा केल्याशिवाय हात लावू नका. फोटो टाकलात तर ओळखायला मी मदत करेन.