अल्गोलसारख्या स्थिर ताऱ्यांवरून मोठ्या दुर्घटनेचं कारण सांगता येतं का?

नाही, कारण सांगता येत नाही. घटना घडून गेल्यावर अर्थ मात्र लावता येतो, आणि ते फारच सोपं असतं. मेदिनीय ज्योतिषात (म्हणजे देश आणि जगातल्या घटनांच्या ज्योतिषात) अल्गोल अत्यंत अशुभ मानतात. त्याचं सायन (वसंत संपातापासून मोजलेलं) स्थान वृषभेच्या २६ अंशांजवळ, म्हणून सूर्य दरवर्षी मेच्या मध्यात त्याच्या युतीत येतो. शांत वर्षांतही! संपातचलनामुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे) एक अंश सरकायला ताऱ्याला सुमारे ७२ वर्षं लागतात, म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या कुंडल्यांत तो जवळपास तिथेच. (त्याचं तेज मधूनमधून मंदावतं, ते म्हणजे दर २.८७ दिवसांनी त्या जोडताऱ्यातला एक तारा दुसऱ्याला झाकतो, इतकंच.) मात्र ग्रहणाची किंवा मेष संक्रमणाची (सूर्य मेषेत शिरतानाच्या क्षणाची) कुंडली मांडून ठिकाण आणि मुदत आधीच लिहून ठेवली असेल, तर ते भाकीत निदान तपासता तरी येतं.