हवामान मॉडेलांमधला ध्रुवीय समुद्र कितपत खरा असतो?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सीएमआयपी-६ च्या (जगभरच्या हवामान संस्थांनी एकाच आराखड्यावर चालवलेल्या मॉडेलांच्या संचातल्या) मॉडेलांमधून अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचं तापमान आणि क्षारता घेतली तर चालेल का. पृष्ठभागाचे आकडे हवे असतील तर जपून घ्या, चालेल. तळाचे हवे असतील तर आधी एक नकाशा काढा: सप्टेंबर महिन्याचा, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याअखेरचा, मिश्र थराच्या (वारा आणि थंडी ढवळून एकजीव करतात त्या वरच्या पाण्याच्या) खोलीचा. माझं रोजचं काम अशाच डेटावर चालतं, आणि नवं मॉडेल हाती आलं की मी पहिला हाच नकाशा बघतो.

बऱ्याच मॉडेलांत अंटार्क्टिकाच्या अटलांटिककडच्या बाजूला असलेल्या वेडेल समुद्राच्या ऐन मध्यावर एक गडद डाग दिसतो. तिथे मिश्र थर हजारो मीटर खोल, कधीकधी पार तळापर्यंत गेलेला असतो. म्हणजे मॉडेलच्या हिशेबाने थंड पाणी भर समुद्रात सरळ खाली बुडतंय. खऱ्या समुद्रात हे क्वचितच घडतं. अशा बुडण्याची खूण म्हणून १९७४ ते १९७६ च्या हिवाळ्यांत उपग्रहांना तिथल्या बर्फात अडीच-तीन लाख चौरस किलोमीटरचं भगदाड दिसलं होतं, जवळपास महाराष्ट्राएवढं. त्यानंतर तेवढं मोठं पुन्हा उघडलेलं नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये मॉड राइज या तिथल्या समुद्राखालच्या डोंगरावर उघडलं ते बरंच लहान होतं.

अंटार्क्टिकाचं तळपाणी, म्हणजे समुद्राच्या तळाशी पसरणारं थंड, जड पाणी, खरं तयार होतं ते किनाऱ्यालगतच्या उथळ खंडमंचावर: वेडेल समुद्र, रॉस समुद्र, अडेली किनारा, केप डार्नली. खंडावरून घसरत येणारा वारा ताजा बर्फ समुद्रात लोटत राहतो, उघडं पडलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि मागे मीठ सोडतं. उणे १.९ अंशाच्या आसपासचं हे खारट, जड पाणी मंचाच्या कडेवरून उतारालगत पातळ थराने खाली ओघळतं. त्या भागात भोवरेच मुळी दहा किलोमीटर किंवा त्याहून लहान असतात. बहुतेक मॉडेलांची जाळी मात्र साधारण एका अंशाची, म्हणजे दक्षिणोत्तर शंभरेक किलोमीटरच्या चौकोनांची. त्यात उतार पायऱ्यापायऱ्यांचा बनतो, आणि प्रत्येक पायरीवर ते जड पाणी आजूबाजूच्या पाण्यात मिसळून हलकं होत जातं. तळापर्यंत काही पोचतच नाही. मग मॉडेल तळ भरतं कशाने? भर समुद्रातल्या त्या डागाने.

पण तळाची घनता निरीक्षणांशी बऱ्यापैकी जुळत असेल, तर मार्ग चुकला म्हणून बिघडलं कुठे? आजच्या आकड्यांपुरतं फारसं नाही. भविष्याच्या आकड्यांत मात्र बिघडतं. पाऊस वाढून पृष्ठभाग गोडसर झाला की भर समुद्रातलं बुडणं बंद पडतं आणि मॉडेल ‘तळपाणी आटलं’ असं सांगतं. खंडमंचावरची प्रक्रिया मंदावते ती वेगळ्या कारणाने, मुख्यतः वितळलेल्या हिमनगांच्या आणि हिममंचांच्या (खंडावरून पुढे येऊन समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या) पाण्यामुळे. आणि सीएमआयपी-६ मधल्या बहुतेक मॉडेलांत हिममंचाखालच्या पोकळ्याच नाहीत. त्यामुळे पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स किंवा पाइन आयलंड हिमनदीसमोरचं पाणी किती तापेल, हे या मॉडेलांना विचारूच नका. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दशांश अंशाच्या जाळीत हे वितळपाणी घालून पाहिलं, तेव्हा उत्सर्जन चढं राहिल्यास २०५० पर्यंत तळाचा प्रवाह चाळीस टक्क्यांहून जास्त मंदावतो असं निघालं.

आर्क्टिकचं दुखणं वेगळं. ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या फ्रॅम सामुद्रधुनीतून आत शिरणारं अटलांटिकचं उबदार पाणी मॉडेलांत फार जाड थराने आणि फार खोलवर पसरतं.

मॉडेलांची बाजूही घेतो. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेजमधून किती पाणी वाहतं याचा ठरलेला आकडा बरीच वर्षं १३४ स्वेर्ड्रुप होता (एक स्वेर्ड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर). तळाशी यंत्रं ठेवून मोजल्यावर २०१६ साली तो १७३ आला. आता १३४ च्या जवळ म्हणून शाबासकी मिळवलेल्या मॉडेलाचं काय करायचं? बर्फाखाली मोजमापंच इतकी तुटपुंजी आहेत की उत्तरपत्रिकाही कच्चीच आहे.

तेव्हा एकाच मॉडेलावर प्रकल्प उभारू नका. पाच-सहा घ्या, सप्टेंबरच्या नकाशावरून त्यांचे दोन गट करा, भर समुद्रात बुडवणारी आणि न बुडवणारी, आणि सरासरी दोन्ही गटांची वेगवेगळी दाखवा. पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) मॉडेलही सीएमआयपी-६ मध्ये आहे, तेही घ्या, पण घरचं म्हणून त्याला या चाळणीतून सूट नको. खंडमंचावरचे आकडे वापरणार असाल तर तिथे मॉडेलच्या जाळीचे किती चौकोन पडतात ते आधी मोजा. दोन-तीनच पडत असतील तर तो भाग प्रकल्पातून सरळ वगळा.